वीस जणांचा एक फासा

एका माणसावर वीस जण एकदम धावून आले, तर त्या वीस जणांचे किती वार त्याला लागले असे धरावे? प्रश्न वरवर पाहता प्राथमिक शाळेतील त्रैराशिकाच्या जातीचा वाटतो. एका गुंडाचा एक वार, तर वीस गुंडांचे किती? परंतु ज्याने आयुष्यात एकदा तरी दोन माणसांची मारामारी जवळून आणि वीस माणसांची दुरून पाहिली आहे, त्याला हे त्रैराशिक पटावयाचे नाही. वीस माणसे म्हणजे एका माणसाची वीसपट नव्हेत. कधी ती शंभरपट होतात, कधी पाचपटही भरत नाहीत. आणि शहाणपणाच्या बाबतीत तर वीस मिळून एकाइतकीही भरत नाहीत, असा अनुभव फार जुना आहे. हा प्रश्न आमच्यापुढे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून आला नाही, किंवा वर्तमानपत्रातूनही आला नाही. तो मुलांच्या एका खेळातून आला. आणि खेळातून आला म्हणूनच त्याचा विचार आम्हांस शांतपणे करता आला. वर्तमानपत्रातून तो येतो तेव्हा मनुष्य एक तर घाबरलेला असतो, नाही तर रागावलेला. आणि या दोन्ही अवस्था हिशेबास प्रतिकूल आहेत.

ज्या वाचकांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्यांस या खेळाची तोंडओळख असेल. इतरांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी, सहनशक्ती हे गुण अंकांत मांडून एका कागदावर लिहून ठेवतो. एक जण सूत्रधार होतो. मुले त्याला गेम मास्टर म्हणतात. तो गोष्ट सांगतो, प्रसंग उभे करतो आणि शत्रुपक्षाचे सारे हात एकटाच चालवितो. आपल्या पात्राने काय करावे हे खेळाडूने सांगावयाचे, आणि ते साधले की फसले हे बहुधा वीस पैलूंच्या फाशाने ठरवावयाचे. म्हणजे हा खेळ अर्धा आख्यान आहे आणि अर्धा सारीपाट. मात्र सारीपाटात कोणी तरी जिंकावे लागते. येथे जिंकणे गौण, गोष्ट रंगली पाहिजे हे मुख्य.

या खेळाचे मूळ लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात राइस्वित्स नावाच्या एका अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर ठोकळे मांडून आणि फासे टाकून युद्ध शिकविण्याचा खेळ रूढ केला. पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ या नावाने मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम छापले. त्यांच्या पुरवणीत अद्भुत कथांतील वीरांसाठी एक मजेदार कोष्टक होते: ‘हिरो’ म्हणजे चार माणसांचे बळ, आणि ‘सुपरहिरो’ म्हणजे आठ माणसांचे. इतका रोकडा हिशेब! त्यातूनच १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मास आला. आणि आकाशात उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या आधुनिक महावीरांचे खेळ त्यामागोमाग आले. १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ आणि २००२ चा ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ हे त्यांतील नावाजलेले होत.

वीराची किंमत माणसांच्या संख्येत सांगण्याचे आम्हां भारतीयांस नवल वाटू नये. दहा सहस्र धनुर्धरांशी जो एकटा झुंजेल तो महारथी, ही व्याख्या आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. उद्योगपर्वात भीष्म दोन्ही सैन्यांतील वीरांची रथी, अतिरथी, महारथी अशी प्रतवारी सांगतात, आणि कर्णाला अर्धरथी ठरवितात. त्यावर कर्ण संतापतो, आणि भीष्म पडेपर्यंत शस्त्र धरणार नाही अशी प्रतिज्ञा करतो. मिळालेल्या अंकांवरून खेळाडू रुसून बसल्याचा याहून जुना दाखला आमच्या वाचनात नाही. भाच्यास आम्ही हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्याने, “मामा, भीष्म गेम मास्टर म्हणून कच्चेच होते,” असा अभिप्राय दिला.

हा भाचा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. २०२३ च्या दिवाळीत तो आमच्या अंबाजोगाईच्या घरी आला, तो फराळाच्या पिशवीबरोबर फाशांची पिशवी घेऊनच. आमची कन्या आणि शेजारची दोन मुले त्याला मिळाली, आणि जेवणाच्या टेबलावर महावीरांचे राज्य सुरू झाले. कन्येने जी वीरांगना घेतली होती तिला जमिनीखालचे पाणी ऐकू येई, आणि तिने हाक मारली की ते वर येई. खलपुरुष होता पाणीचोर. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, त्याचे पाणी रातोरात टँकरांत भरून विकणारा. पाऊस फसला की जेथे गावोगाव टँकरांच्या वाटा पाहाव्या लागतात, त्या बीड जिल्ह्यातील मुलांचा राक्षस पाणीचोर निघावा, हे स्वाभाविकच होय. ज्या समाजाला ज्याचे भय, त्याचाच त्याच्या कथेत राक्षस होतो.

कथा अशा ठिकाणी आली की, वीरांगना रात्री धरणाच्या भिंतीवर एकटी आहे आणि पाणीचोराचे वीस हस्तक लोखंडी गज घेऊन तिच्यावर धावले आहेत. तिचे संरक्षण असे होते की, हस्तकाच्या फाशावर १८, १९ किंवा २० पडले तरच त्याचा वार लागे. भाच्याने एकेका हस्तकासाठी फासा टाकावयास प्रारंभ केला. एक, दोन, तीन… प्रत्येक वेळी फासा टाकावा, अंक पाहावा, कागदावर टिंब द्यावे. दहाव्या हस्तकापर्यंत शेजारची मुले मोबाइलात डोकावू लागली. पंधराव्यापर्यंत चहा निवला. आमच्या मातोश्री दिवाणावरून हे सारे पाहत होत्या. त्यांना अखेर राहवले नाही. त्या म्हणाल्या, “अरे, एकट्या पोरीवर वीस गडी धावून यायलेत, अन् तुम्ही गणितं करत बसलाव व्हय?”

मातोश्रींनी मर्मावर बोट ठेवले होते. जो प्रसंग छातीत धडकी भरविणारा, तोच टेबलावर येताच सर्वांत कंटाळवाणा झाला होता; आणि याचे कारण हे की, गर्दीचे भय एका क्षणाचे असते आणि तिची मोजदाद मात्र एकेकाची करावी लागते. या पेचातून सुटण्यासाठी खेळकर्त्यांनी निरनिराळे उपाय योजिले आहेत, आणि त्या रात्री ते सर्व आमच्या टेबलावर तपासले गेले.

पहिला उपाय असा की, साऱ्या टोळीसाठी एकच फासा टाकावा. यात वेळ वाचतो खरा. पण न्याय राहत नाही. वीसपैकी सतरा वेळा वीस धटिंगण काहीच न करता परततील, आणि उरलेल्या तीन वेळा विसांचेही वार एकदम लागतील. दोन्ही गोष्टी हास्यास्पद. वास्तविक प्रत्येकाचा फासा निराळा धरला, तर एका फेरीत सरासरीने तीन वार लागावयास हवेत, आणि एकही वार न लागण्याचा संभव शंभरात चारांहूनही किंचित कमी भरतो. दुसरा उपाय सरासरीचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सूत्रधारांसाठी २०१४ साली जो मार्गदर्शक ग्रंथ निघाला, त्यात याचे कोष्टकच आहे: वार लागण्यास १७ किंवा १८ पडावे लागत असतील तर पाच हल्लेखोरांमागे एक वार धरावा, २० च पडावे लागत असतील तर विसांमागे एक. फासा मुळी टाकावयाचाच नाही. परंतु मग मार बसण्यातील अनिश्चितताच नाहीशी होते, आणि महिन्याच्या महिन्याला विम्याचा हप्ता कापून जावा तसा दर फेरीस ठराविक मार बसू लागतो. “यात भीती कुठंय?” असे शेजारच्या मुलाने विचारले, ते बरोबरच होते.

महावीरांच्या खेळात याहून एक अवघड गाठ आहे. तेथे नायकाचे अंगच वज्राचे असते. ‘चॅम्पियन्स’सारख्या खेळात प्रत्येक वारातून नायकाचे संरक्षण वजा करतात, आणि सामान्य गुंडाचा वार त्या वजाबाकीत शून्यावर येतो. मग शून्याची वीसपट काय आणि दोनशेपट काय? सारखेच. अशा नायकापुढे गर्दी म्हणजे नुसती शोभा. पण जगाचा अनुभव तर असा आहे की, वज्रदेही माणसांसही गर्दी आडवे करते. ते कसे?

याचे उत्तर आम्हांस आमच्या व्यवसायात सापडले. स्विफ्टचा ‘गलिव्हर’ १७२६ सालचा. त्यातील लिलिपुटचे वीतभर उंचीचे लोक गलिव्हरला बाण मारतात ते त्याला सुईसारखे टोचतात. बाणांनी ते त्याला मारू शकत नाहीत. पण तो जागा होतो तेव्हा त्याचे हात, पाय आणि केससुद्धा बारीक दोऱ्यांनी जमिनीस जखडलेले असतात. गर्दीचे बळ मारण्यात नसून जखडण्यात आहे. हेच आपल्या वाघ-बकरीच्या पटावरही दिसते. या खेळाचे आकडे गावोगाव निराळे. नेपाळातील ‘बागचाल’ या नावाच्या प्रकारात चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला वाघ मारता येत नाही. तरीही बकऱ्या डाव जिंकतात, कारण त्या वाघाच्या सगळ्या वाटा बुजवितात. पट आखणाऱ्या त्या अनामिकाला महावीरांच्या खेळांचे गमक ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

भाचा मुळात इंजिनियर. त्याने रुपयाची नाणी आणून ती हस्तकांच्या जागी मांडली. मधले नाणे वीरांगनेचे. त्याच्याभोवती नाणी भिडवून ठेवू गेल्यास बरोबर सहा बसतात. सातव्यास जागाच उरत नाही. म्हणजे वीस धावून आले तरी एका वेळी हात पोचणारे सहाच. उरलेले चौदा मागे दाटी करणारे. सहा हा आकडा पाहताच आमच्या मनात जे आले, ते मराठी वाचकांच्या मनात आधीच आले असेल. चक्रव्यूहातील अभिमन्यूवरही सहाच महारथी एकदम तुटून पडले होते.

द्रोणपर्वातील तो प्रसंग सूत्रधाराच्या दृष्टीने वाचला की एक गोष्ट विशेष जाणवते. त्या सहांनी सहा वार केले, असे तेथे घडत नाही. त्यांनी कामे वाटून घेतली. कर्णाने धनुष्य तोडले, कृतवर्म्याने घोडे मारले, कृपाचार्यांनी रथाच्या पाठराख्या सारथ्यांस मारले, आणि बाकीच्यांनी बाणांचा वर्षाव चालू ठेवला. पुढे ढाल-तलवारही गेली. शेवटचा गदाघात ज्याने केला तो दुःशासनाचा पुत्र. तो त्या सहांत नव्हताच. पराक्रमाच्या यादीत ज्याचे स्थान अगदी खाली, त्याच्या हातून तो वीर पडला, कारण वरच्यांनी त्याला आधीच निःशस्त्र आणि विरथ केले होते. एकेकाचा बाण अभिमन्यूस पुरेसा नव्हता; सर्वांची मिळून केलेली कोंडी पुरेशी झाली.

जेथे अशी वाटणी नसते, तेथे गर्दी स्वतःलाच अडथळा होते. इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा वध झाला, त्या कटात साठांहून अधिक जण होते असे सुइटोनियस सांगतो. जखमा मोजल्या त्या २३ भरल्या; आणि प्रेत तपासणाऱ्या वैद्याच्या मते त्यांतील एकच, छातीवरची, प्राणघातक होती. प्लूटार्क तर सांगतो की, त्या दाटीत मारेकऱ्यांनी एकमेकांसही जखमी केले. बीड जिल्ह्यातील राक्षसभुवनची लढाई हा याच नियमाचा मोठ्या प्रमाणावरील दाखला होय. १७६३ च्या ऑगस्टात निजामअली आपल्या सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरीपार झाला होता, आणि दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडे राहिला होता. माधवराव पेशव्यांनी नेमकी तीच वेळ साधली. पलीकडची फौज कितीही मोठी असली, तरी मध्ये गोदावरी होती. त्या दिवशीच्या हिशेबात ती फौज मागच्या चौदा नाण्यांसारखीच. विठ्ठल सुंदर पडला आणि लढाई संपली.

या साऱ्या चर्चेतून त्या रात्री जो नियम तयार झाला, तो असा. एका वेळी सहांहून अधिकांनी हल्ला करू नये. त्या सहांतील एक पुढारी. फासा त्याचा एकच, आणि पाच मदतनिसांचे पाच अंक त्यात मिळवावयाचे. त्यामुळे अठराच्या ठिकाणी तेरा पडले तरी भागे. म्हणजे शंभरात चाळीस वेळा यश. यश आले तर काय साधावयाचे ते मात्र सूत्रधाराने आधी सांगावे: शस्त्र हिसकावणे, जखडणे किंवा घाव, यांपैकी एकच. मागच्या चौदांनी वार करावयाचा नाही, पण त्यांच्यामुळे वीरांगनेची परतीची वाट बंद. आणि पुढारी पडला, तर टोळी टिकते की पांगते, हे पुन्हा एका फाशाने पाहावे. या नियमाने ती लढाई पाच मिनिटांत खेळून झाली. आणि वीरांगनेचा हात जखडला गेला तेव्हा मातोश्रींसुद्धा उठून टेबलाशी आल्या. गणित थोडके झाले आणि भय परत आले.

खेळ येथेच संपता तर हा निबंध लिहिण्याचे कारण पडले नसते. कन्येची पाळी आली. तिने धरणाच्या पाण्यास हाक मारली, आणि एका लोंढ्याने वीसच्या वीस नाणी टेबलावरून खाली गेली. ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’मध्ये अशा हस्तकांसाठी ‘मिनियन’ अशी संज्ञाच आहे. त्यांचा प्रतिकार एकदा फसला की ते संपले. त्यांना बहुधा नाव नसते, घर नसते, पुन्हा कथेत येणे नसते. मुले आनंदाने ओरडली. कन्या मात्र खाली पडलेली नाणी गोळा करता करता म्हणाली, “बाबा, हे वीस जण होते कोण? माजलगावात जे होते, तेही वरून असेच दिसले असतील ना?”

टेबलावर कोणीच काही बोलले नाही. त्या वेळी जेमतेम दोन आठवडे झाले होते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आणि बीड शहरात जमावाने लोकप्रतिनिधींची घरे आणि पक्षांची कार्यालये पेटविली होती. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. ज्वाळांची चित्रे सर्वांनी पाहिली. आणि त्या चित्रांत माणसे होती ती नाण्यांसारखीच, काळी, सारखी, बिननावाची. शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविले आहे. त्यात कटवाल्यांच्या नावाचा समजून जमाव एका निरपराध कवीवर तुटून पडतो. त्या कवीस तो जमाव नाव विचारतो. पण जमावातल्या कोणासच नाटककाराने नाव दिलेले नाही. पहिला नागरिक, दुसरा नागरिक, तिसरा, चौथा. मिनियनच ते.

कन्येच्या आग्रहाने नियमास एक पुरवणी जोडली गेली: लढाई संपल्यावर वीरांगनेने कोणतेही एक नाणे उचलावे, आणि तो हस्तक कोण होता हे सूत्रधाराने सांगितलेच पाहिजे. भाचा गडबडला. मग थोडा विचार करून म्हणाला, हा टँकरचा ड्रायव्हर. तीन महिन्यांचा पगार थकला आहे, आणि आज आला नाहीस तर तोही बुडेल असे त्याला सांगितले आहे. दुसरे नाणे? हा त्याचा भाऊ. भाऊ चालला म्हणून हा आला. तिसरे? भाच्याने बराच वेळ घेतला. “हा मजा पाहायला आला होता.” हे तिसरे उत्तर सर्वांस सर्वांत खरे वाटले, आणि सर्वांत नकोसेही.

पुढे काही काळाने एक विद्यार्थी आमच्याकडे चारित्र्याचा दाखला मागावयास आला. कोण्या एका जमावाच्या प्रकरणात त्याचे नाव पोलिसांनी लिहून घेतले होते. तो म्हणाला, “सर, मी नुसता उभा होतो.” हे वाक्य खोटे आहे असे आम्हांस वाटले नाही. पण आमच्या डोळ्यांपुढे मागची चौदा नाणी आली. आमच्या नियमाप्रमाणे त्यांनी एकही वार केला नव्हता. त्यांनी फक्त वाट अडविली होती. आम्ही त्याला एवढेच विचारले, “तू उभा होतास तेथून कोणाला सुटून जायचे असते, तर जाता आले असते का रे?” तो बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, “रस्ता भरला होता, सर.”

महाभारतकारांस या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. अभिमन्यूच्या मागोमाग पांडव व्यूहात शिरू पाहत होते. त्यांस दाराशी थोपवून धरले ते जयद्रथाने. अभिमन्यूच्या वधात त्याचा वार नाही. तरीही अर्जुनाने दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताची प्रतिज्ञा केली ती द्रोणाविरुद्ध नव्हे, कर्णाविरुद्ध नव्हे. ती जयद्रथाविरुद्ध केली. दार अडविणे हेही काम आहे, आणि ते ज्याने केले त्याला नाव आहे, असा त्याचा अर्थ.

आपला कायदाही याच वाटेने जातो. ज्याचे निबंध एके काळी प्रत्येक इंग्रजी शिकणाऱ्याने वाचले, त्या मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला. १८६० मध्ये ती संमत झाली. तिच्या १४१ व्या कलमाने पाच किंवा अधिक माणसे विशिष्ट हेतूने जमली की तो बेकायदेशीर जमाव ठरविला. आणि १४९ व्या कलमाने, जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एकाने केलेल्या अपराधास त्या वेळचा प्रत्येक सभासद दोषी ठरविला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे १८९ आणि १९० या कलमांत आली आहेत. म्हणजे गर्दीचा नियम कायद्यातही आहे, आणि त्याचा आकडा पाचापासून सुरू होतो. परंतु खेळाचा आणि कायद्याचा रोख अगदी उलट आहे. खेळ विसांचा एक करतो, कारण त्याला रात्र सरण्यापूर्वी गोष्ट पुरी करावयाची असते. कायद्याला एकाच्या कृत्यासाठी विसांस उभे करता येते; पण तसे करताना हा मनुष्य तेथे होता काय, ते उद्दिष्ट याचेही होते काय, की हा केवळ वाटसरू होता, हे त्याला प्रत्येकाविषयी निराळे पाहावे लागते. तेथे सरासरीचे कोष्टक चालत नाही. पाच आरोपींमागे एक दोषी, असा न्याय कोणी मागणार नाही.

त्या विद्यार्थ्यास आम्ही दाखला दिला. आम्ही त्याला तीन वर्षे पाहिले होते, आणि त्या तीन वर्षांत जसे पाहिले तसे लिहिले. त्या एका संध्याकाळविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नव्हता; ती हकीकत ज्याची त्यानेच सांगावयाची होती.

शिक्षकाच्या धंद्यात एक लाभ आहे. वर्ग दारातून पाहिला तर तो एक जमाव असतो. त्याचा आवाज एक, हसणे एक, उठून जाणेही एकच. पण हजेरीपट उघडला की तो जमाव विरघळतो, आणि एकेक नाव ‘हजर’ म्हणते. ऐंशी मुलांची हजेरी घेण्यात तासाची दहा मिनिटे जातात, म्हणून ती यंत्रावर घ्यावी असे आता सर्वत्र म्हणतात, आणि वेळेच्या हिशेबाने ते योग्यही असेल. विसांसाठी वीस फासे टाकणेही असेच वेळखाऊ होते, आणि ते टाळण्याची युक्ती काढल्याचा आम्हांस आनंदच आहे. केवळ हल्ला किती जोराचा झाला हे पाहावयाचे असेल, तर विसांचा एक फासा पुरे. हल्ला कोणी केला हे विचारावयाची वेळ आली, म्हणजे मात्र खाली पडलेली नाणी एकेक करून उचलावीच लागतात. आणि त्या कामास लागणारा वेळ वाचविण्याची युक्ती कोणी शोधू नये, असे आम्हांस वाटते.